इमाम आणि मागची रांग

वऱ्हाडच्या यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड अशा गावांतून दिवेलागणीच्या सुमारास देवळातील घंटा आणि मशिदीतील बांग ही दोन्ही थोड्या अंतराने कानी पडतात. पिढ्यान्‌पिढ्या ती बांग ऐकत आलेल्या आम्हां शेजाऱ्यांपैकी फार थोड्यांस, बांग संपल्यावर आत काय घडते, हे ठाऊक असते. इमाम हा शब्द आपल्या परिचयाचा आहे खरा. परंतु त्या शब्दाबरोबर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते बहुधा देवळातील पुजाऱ्याचे किंवा एखाद्या मठाधिपतीचे असते. हे चित्र बरोबर नाही. मशिदीत नमाज पढविणारा इमाम जन्माने किंवा दीक्षेने इमाम झालेला नसतो. जमलेल्या लोकांपैकी ज्यास कुराण अधिक चांगले येते व ज्याच्या आचरणाविषयी लोकांस विश्वास वाटतो, असा कोणीही पुढे उभा राहू शकतो. आणि तो पुढे उभा राहिला की त्या वेळेपुरता इमाम होतो. 'इमाम' या शब्दाचा अर्थच मुळी 'पुढे असणारा', 'अग्रणी' असा आहे.

पुढे उभे राहण्याची ही रीत लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. इमाम एकटा पुढे असतो. त्याच्या मागे खांद्याला खांदा लावून लोकांच्या रांगा असतात. तो वाकला की सर्व वाकतात, त्याने कपाळ भुईला टेकले की सर्वांची कपाळे भुईला टेकतात. त्याच्या आधी कोणी हालचाल करावयाची नाही. एवढा अधिकार ज्यास दिला, त्याचे तोंड मात्र काब्याकडे आणि पाठ लोकांकडे असते. मागे कोण थकले आहे, कोणाचे पाय कापत आहेत, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले आहे, यांपैकी त्यास काहीच दिसत नाही. त्यास केवळ ऐकू येते. या रीतीतील धोका इस्लामच्या धर्मकारांनी ओळखला होता, असे दिसते. मुआझ नावाचे पैगंबरांचे एक विद्वान सहकारी रात्रीच्या नमाजेत कुराणातील फार मोठे प्रकरण म्हणू लागले, तेव्हा दिवसभर उंटांमागे राबून आलेला एक मनुष्य रांग सोडून निघून गेला. मुआझने त्या मनुष्यास नावे ठेविली. पण तक्रार पैगंबरांपुढे गेली तेव्हा त्यांनी बोल लाविला तो मुआझला. लोकांच्या पुढे उभा राहशील तेव्हा नमाज आटोपशीर ठेव, कारण मागे म्हातारे असतात, दुबळे असतात, आजारी असतात. एकटा असशील तेव्हा हवी तितकी लांबव, अशा आशयाची त्यांची शिकवण हदीसग्रंथांत नमूद आहे. ते स्वतः नमाज लांबविण्याच्या इराद्याने उभे राहत. पण मागे एखादे मूल रडू लागल्याचे कानी आले, की त्या मुलाच्या आईच्या जिवाची तगमग जाणून नमाज आवरती घेत. आणि नमाज संपली म्हणजे वळून लोकांकडे तोंड करीत.

या नियमांचा विचार करू लागले म्हणजे ते केवळ मशिदीपुरते आहेत असे वाटत नाही. सत्यासाठी, देशासाठी, समाजसुधारणेसाठी जो कोणी पुढे उभा राहतो, त्याच्या मागे माणसांची एक रांग आपोआपच उभी राहते. तीत अनुयायी असतात, तशी घरची माणसेही असतात. पुढच्याने व्रत घेतले म्हणजे मागच्यांना उपास घडतो. तेव्हा प्रश्न असा, की ज्याने स्वतःसाठी कठोर मार्ग पत्करला, त्यास आपल्या मागे असलेल्यांना त्या मार्गाची झळ कितपत लावण्याचा अधिकार आहे? हा प्रश्न सोडविण्यास नुसत्या तर्काचा उपयोग थोडा. म्हणून एका खऱ्याखुऱ्या इमामाच्या आयुष्यातील, आणि आमच्याच महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेल्या, एका प्रसंगाच्या आधाराने त्याचा विचार करण्याचे योजिले आहे. तो इमाम म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद, आणि ते स्थळ म्हणजे अहमदनगरचा, आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला.

मौलानांस आपण राजकारणी पुरुष म्हणून ओळखतो, स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून ओळखतो. परंतु त्यांची घडण धर्मपंडिताची होती. १८८८ साली मक्केत त्यांचा जन्म झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे पीर होते. कलकत्त्यास येऊन राहिल्यावर त्यांच्या भोवती शिष्यांचा मेळा असे. मुलाचे सर्व शिक्षण घरीच, जुन्या अरबी-फारसी पद्धतीने झाले, आणि इतर मुले जो अभ्यास पंचविशीच्या सुमारास पुरा करीत तो या मुलाने सोळाव्या वर्षाच्या आसपासच संपविला. १९०८ साली वडील वारले तेव्हा त्यांची गादी चालविणे हेच सर्वांच्या दृष्टीने स्वाभाविक होते. परंतु ज्यांनी आपले हात चुंबावे, अशा शिष्यांचा गुरू होणे या तरुणास मानवले नाही. मध्यंतरी काही वर्षे त्याच्या मनाने सर्वच परंपरागत श्रद्धांविषयी संशय घेतला होता. 'आझाद' म्हणजे मुक्त, हे टोपणनाव त्या बंधमुक्तीचीच खूण होय. संशयाच्या त्या रानातून बाहेर येऊन जी श्रद्धा त्यांनी पुन्हा मिळविली ती वारशाची नव्हती, कमावलेली होती. म्हणूनच ती पुढे कोणाच्या दटावणीने हलली नाही.

१९१२ साली त्यांनी कलकत्त्यास 'अल्-हिलाल' नावाचे उर्दू साप्ताहिक काढले आणि आपल्या धर्मबांधवांस सांगितले, की परक्या सत्तेच्या दास्यात समाधान मानणे हे धर्मास धरून नाही. १९१६ साली सरकारने त्यांस बंगालबाहेर घालविले व रांचीस स्थानबद्ध केले. १९१९ च्या अखेरपर्यंत ते तेथे होते. त्या काळात ते तेथील मशिदीत शुक्रवारची प्रवचने करीत, मुलांसाठी त्यांनी मदरसा उभारविला, आणि मुसलमानेतरांस मशिदीत प्रवेश देण्यास शास्त्राची हरकत नाही, हे साधार दाखविणारा एक ग्रंथही लिहिला. 'तर्जुमानुल कुराण' हे त्यांचे कुराणाचे भाषांतर व भाष्य उर्दू धर्मवाङ्मयात मानाचे मानले जाते. खिलाफतीच्या चळवळीत त्यांस 'इमामुल हिंद', म्हणजे साऱ्या हिंदुस्थानचा इमाम, असे गौरवाने म्हणत. कलकत्त्याच्या मैदानात ईदच्या दिवशी हजारो लोकांची नमाज तेच पढवीत. पुढे मुस्लिम लीगचा जोर वाढला, आणि काँग्रेसमधील या मौलानांच्या मागे आम्ही नमाज पढणार नाही, असे म्हणणारे लोक त्याच शहरात निघाले. मौलाना त्या जागेवरून बाजूस झाले. पण मत त्यांनी बदलले नाही. ज्यांची साथ हवी त्यांचीच साथ सुटत असता आपल्या दिशेपासून तोंड न फिरविणे किती अवघड असते, याची कल्पना अनुभवी मनुष्यासच येईल. १९४० साली रामगडच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि तो भार १९४६ पर्यंत त्यांच्या शिरावर राहिला.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. १९४२ च्या ३ ऑगस्टला मौलाना कलकत्त्याहून मुंबईस निघाले. तेथे काँग्रेसच्या महासमितीपुढे 'चले जाव'चा ठराव यावयाचा होता. त्यांच्या पत्नी जुलैखा बेगम यांची प्रकृती पूर्वीच ढासळली होती. हवापालटासाठी रांचीस जाऊन त्या नुकत्याच परतल्या होत्या. रिवाजाप्रमाणे त्या निरोप देण्यास दारापर्यंत आल्या. काही नवे घडले नाही तर १३ तारखेपर्यंत परत येईन, असे मौलानांनी सांगितले. बेगमसाहेबांनी 'खुदा हाफिज' एवढेच म्हटले. डोळे कोरडे होते. पण त्या कोरड्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मौलाना विसरू शकले नाहीत. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींस पुण्याच्या आगाखान महालात आणि कार्यकारिणीच्या सभासदांस अहमदनगरच्या किल्ल्यात नेण्यात आले. जवाहरलाल, वल्लभभाई, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी मंडळी त्या कोटात होती. येथेच जवाहरलालांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. आणि येथेच मौलानांनी आपले स्नेही नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांस उद्देशून, टपालात कधीच न पडलेली ती पत्रे लिहिली, जी पुढे १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली.

त्यांतील एक पत्र ११ एप्रिल १९४३ चे आहे. त्याच्या दोनच दिवस आधी, ९ एप्रिलला, जुलैखा बेगम कलकत्त्यास वारल्या होत्या. मार्चमध्ये त्यांच्या दुखण्याने उचल खाल्ल्याच्या वार्ता किल्ल्यात येऊ लागल्या, तेव्हा तुरुंगाचा अधिकारी मौलानांकडे आला व म्हणाला, की सरकारास काही लिहावयाचे असल्यास ते तत्काळ मुंबईस पोहोचविण्याची तजवीज करतो. मौलानांनी साफ सांगितले, की मला सरकारापाशी कोणतीही विनंती करावयाची नाही. तो अधिकारी जवाहरलालांकडे गेला. तिसऱ्या प्रहरी जवाहरलाल मौलानांकडे येऊन पुष्कळ वेळ बोलत बसले. त्यांसही तेच उत्तर मिळाले. अधिकाऱ्याची ती सूचना वस्तुतः मुंबई सरकारच्या इशाऱ्यावरून आली होती, हे मागाहून कळले. मग एके दिवशी दुपारी तार आली आणि छत्तीस वर्षांचे सहजीवन संपले. हजारोंच्या नमाजा पढविणारा हा इमाम आपल्या पत्नीच्या जनाज्याच्या नमाजेस हजर राहू शकला नाही. पुष्कळ वर्षांनी दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या आत्मवृत्तात या प्रकरणाचा तपशील काहीसा निराळा आला आहे. परंतु दुःख ताजे असताना स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र अधिक विश्वसनीय समजून मी येथे त्याचाच आधार घेतला आहे.

मौलानांनी योग्य केले काय? त्यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रथम पाहू. ते एकटे कैदी नव्हते; काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या वेळी देशातील तुरुंग माणसांनी भरले होते, आणि त्यांतल्या किती जणांच्या बायका, आया, मुले घरी आजारी असतील! त्यांच्यापैकी साध्या शिपाईगड्याच्या दारी कोणी अधिकारी विचारावयास जात नव्हता. अध्यक्षाने स्वतःपुरती सवलत मागितली असती तर मागील रांगेस काय वाटले असते? शिवाय ज्या सरकारास 'चालते व्हा' असे बजाविले, त्याच्याच सूचनेवरून त्याच्याकडे अर्ज करणे म्हणजे ठरावाची धार आपल्याच हाताने बोथट करणे होते. इमामाने नमाज आवरती घ्यावी हे खरे. पण आवरती घेणे निराळे आणि मध्येच मोडणे निराळे. इमामाची नमाज मोडली तर मागच्या सर्वांचीच बिघडते. या दृष्टीने पाहता मौलानांचा नकार हा हेकटपणा नव्हता. तो मागच्या रांगेविषयीच्या जबाबदारीतूनच आला होता.

हे सर्व मान्य करूनही मन पुरते निवत नाही. कारण या नकाराची किंमत जिने दिली ती त्या रांगेत सर्वांत जवळ उभी होती, आणि तिला कोणी विचारलेच नाही. त्या दिवशी जे जवाहरलाल मौलानांच्या खोलीत आले, त्यांच्यावरही अशीच वेळ येऊन गेली होती. १९३४ साली कमलाबाई अत्यवस्थ असता, राजकारणापासून दूर राहण्याचे आश्वासन दिले तर सुटका होईल, असे जवाहरलालांस सुचविण्यात आले होते. तुरुंगातून थोडा वेळ भेटीस नेले असता कमलाबाईंनी त्यांच्या कानात सांगितले, की असले आश्वासन मुळीच देऊ नका. पुढे १९३६ साली त्या परदेशात वारल्या. प्रसंग तितकाच दारुण; पण दोहोंत एक मोठे अंतर आहे. एका ठिकाणी निर्णय दोघांचा होता. दुसऱ्या ठिकाणी एकाचा. मरणाच्या दारातील बाईने 'नको' म्हणणे हा तिचा त्याग होय; तिच्या वतीने दुसऱ्याने 'नको' म्हणणे यास त्याग म्हणता येईल, पण मग तो कोणाचा, हे ठरविणे कठीण आहे.

येथे कोणी म्हणेल, की जुलैखा बेगमही काही कमी निग्रही नव्हत्या. ते खरेच आहे. १९२२ साली मौलानांस एक वर्षाची सक्तमजुरी झाली तेव्हा या बाईंनी गांधीजींस कळविले होते, की आमच्या अपेक्षेच्या मानाने ही शिक्षा फारच हलकी आहे, आणि पतीच्या मागे बंगालमधील खिलाफतीचे काम मी पाहीन. असे लिहिणारी स्त्री १९४३ साली वेगळे काही म्हणाली असती, असे मानण्यास आधार नाही. तथापि एकवीस वर्षांपूर्वीच्या धैर्याच्या शब्दांवर, आज अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या संमतीची सही उमटलेली आहे, असे धरून चालणेही न्यायाचे नाही. सुदृढ असताना केलेला निश्चय मरणसमयीही तसाच असेल. पण त्याची खातरी विचारल्यावाचून कशी व्हावी?

आणि आता त्या पत्रातील एका तपशिलाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे. मौलाना लिहितात, की १९१६ साली प्रथमच जेव्हा सरकारी आपत्ती ओढवली, तेव्हा पत्नीस आपला शोक आवरता आला नाही. यामुळे आपण बराच काळ तिच्यावर नाराज होतो. आणि त्या नाराजीने तिच्या वागण्याची तऱ्हा कायमची पालटली. त्यानंतर कितीही संकटे आली तरी तिने धीर सोडला नाही, उलट पतीस साथच दिली. १९४२ च्या त्या दारातल्या कोरड्या डोळ्यांचा उगम हा असा सव्वीस वर्षे मागे आहे. त्या डोळ्यांत पाणी नव्हते, कारण ते आवडत नाही हे त्यांस एकदा शिकविण्यात आले होते.

मूल रडल्याचे कानी आले तर इमामाने नमाज आवरती घ्यावी, हा नियम चांगला आहे. पण तो मूल रडण्यावर अवलंबून आहे. पुढे उभ्या असलेल्याचे तोंड मागे नसते. त्यास दिसत नाही, ऐकू मात्र येते. त्याच्या कठोरपणाचा धाक बसून मागच्यांनी रडणेच सोडून दिले, तर त्या इमामाचा एकुलता एक आधार नाहीसा होतो. मग तो कितीही दयाळू असला तरी त्याची दया कामास येणार नाही. कारण ती जागी करणारा आवाजच त्याच्यापर्यंत येत नाही. म्हणून मला वाटते, की मौलानांच्या हातून काही चुकले असेल तर ते १९४३ च्या मार्चमध्ये अर्ज न करण्यात नव्हे, तर १९१६ साली एका स्त्रीच्या अश्रूंवर रुष्ट होण्यात. किल्ल्यातला नकार हा तत्त्वाचा होता. ती नाराजी मात्र तत्त्वाची नव्हती. देशासाठी तुरुंगात जाणे हा धर्म असेल. पण आपण तुरुंगात जाताना घरच्यांनी रडू नये, ही अपेक्षा कोणत्या धर्मात बसते?

हा दोष एकट्या मौलानांच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. तो त्या पिढीतील, किंबहुना सर्वच काळातील, निश्चयी पुरुषांचा दोष आहे. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असता १९१२ साली पुण्यास सत्यभामाबाई वारल्या. लोकमान्यांच्या त्या सहा वर्षांवर आपण केवढे वाङ्मय निर्माण केले! त्याच काळातील 'गीतारहस्या'चे पारायण घरोघर झाले. पण त्या सहा वर्षांत सत्यभामाबाईंच्या मनाने काय सोसले हे सांगणारा शब्द आपल्यापाशी नाहीच म्हटले तरी चालेल. याच्या उलट उदाहरण बाया कर्वे यांचे. धोंडो केशवांच्या संस्थेपायी संसाराची जी ओढाताण झाली ती या बाईंनी आपल्या 'माझे पुराण' या आत्मचरित्रात खणखणीत शब्दांत सांगून टाकली आहे. ते पुस्तक वाचून कर्व्यांची थोरवी तिळमात्र कमी होत नाही; उलट ज्या घरात बायकोस असे बोलता आले, त्या घराविषयी आपला आदर वाढतोच. जेथे तक्रार ऐकू येते तेथे धर्म अद्यापि जिवंत असतो.

आवाज ऐकून थांबण्यानेही मनुष्याची उंची कमी होत नाही, याचा दाखला त्याच १९४३ सालात यवतमाळच्या एका पुरुषाने घालून दिला. लोकनायक बापूजी अणे मूळचे वणीचे. संस्कृतचे व्यासंगी पंडित आणि टिळकांचे अनुयायी. १९३० च्या जुलैत पुसद येथे जंगल सत्याग्रह करून त्यांनी कारावास पत्करला होता. पण पुढे मतभेद होऊन १९४१ साली त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. तेव्हा १९४२ च्या धरपकडीच्या वेळी ते, त्यांच्या जुन्या सोबत्यांच्या दृष्टीने, तटाच्या पलीकडे होते. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी आगाखान महालात एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले आणि सरकार त्यांस सोडीना, तेव्हा अण्यांनी त्या जागेचा राजीनामा दिला. घेतलेली भूमिका तशीच पुढे रेटण्यास त्यांच्यापाशी युक्तिवाद नव्हते असे नाही. परंतु एका वृद्ध माणसाच्या प्राणांचा प्रश्न कानी येताच ते थांबले. या राजीनाम्यानंतर अवघ्या महिना-दीड महिन्याने अहमदनगरच्या किल्ल्यात तो नकार दिला गेला. एकाने थांबून धर्म पाळला, दुसऱ्याने न थांबून. दोघांच्या कृती परस्परविरुद्ध दिसतात. पण अण्यांस सोडावयाचे होते ते स्वतःचे पद, आणि मौलानांस मोडावे लागले असते ते सर्वांचे व्रत. म्हणून एकाच मापाने दोघांस मोजता येत नाही.

मग मौलानांविषयी अखेर काय म्हणावयाचे? त्यांच्या नकारापेक्षाही मला त्यांचे ते पत्र मोठे वाटते. तसल्या प्रसंगी बहुतेक मोठी माणसे आपले धैर्य तेवढे लिहून ठेवितात. मौलानांनी उलट केले. त्या दिवसांत आपण दिनक्रम बिघडू दिला नाही, ठरल्या वेळी सर्वांबरोबर जेवणास गेलो, वर्तमानपत्र येण्याच्या वेळी काळीज धडधडत असताही घाई दाखविली नाही, हे सांगून ते लगेच पुढे कबूल करतात, की हे सारे बाहेरचे सोंग होते. आपल्या धीरोदात्तपणास डाग लागू नये म्हणून मनातील अहंकाराने वठविलेले ते नाटक होते. १९१६ च्या आपल्या नाराजीची गोष्टही त्यांनीच लिहिली; ती न लिहिती तर कोणास कळणार होती? वकिली करणारा मनुष्य आपल्या विरुद्धचा पुरावा आपण होऊन पुढे करीत नाही. मौलानांनी तो केला, कारण त्या घटकेस ते स्वतःची वकिली करीत नव्हते. नमाज संपल्यावर इमाम वळून लोकांकडे तोंड करतो, तसे ते वळले होते. ज्या जागेकडे पाहावयाचे ती जागा तेव्हा रिकामी झाली होती, हे दुर्दैव.

आपणां सामान्य गृहस्थांच्या आयुष्यात किल्ले आणि ठराव नसतात. पण प्रत्येक घरात कोणीतरी पुढे उभा असतो, आणि त्याची काही ना काही तत्त्वे असतात. कोणी लाच घेत नाही आणि म्हणून घरात ओढाताण होते. कोणी संस्थेस आयुष्य वाहतो आणि मुलांस त्याचा सहवास दुर्मिळ होतो. कोणी सत्य बोलून नोकरी गमावतो. अशा माणसांनी आपली तत्त्वे सोडावी, असे मी म्हणणार नाही. ती सोडली तर घराचे रक्षण होईल, पण ज्यामुळे त्या घरास मान आहे तेच निघून जाईल. म्हणणे एवढेच, की व्रत आपले, भूक मात्र सर्वांची, हे त्याने विसरू नये. मागच्यांचे सोसणे आपल्या त्यागाच्या खात्यात जमा धरू नये. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, घरातील रडणाऱ्याचे तोंड कधीही बंद करू नये. तत्त्वापायी एखादे वेळी ते रडणे ऐकूनही पुढे जावे लागेल. पण ऐकून पुढे जाणे निराळे आणि ऐकावेच लागू नये अशी व्यवस्था करणे निराळे. पहिल्यात दुःख आहे. दुसऱ्यात अधर्म आहे.

मौलाना १९४५ च्या जूनमध्ये बंगालमधील बांकुरा येथून सुटले. कलकत्त्याच्या स्टेशनावर त्यांच्या स्वागतास अफाट गर्दी लोटली होती. गाडी हारांनी भरून गेली. घरी जाण्यापूर्वी त्यांनी ती गाडी पत्नीच्या कबरीकडे वळविण्यास सांगितले. तेथे त्या हारांपैकी एक उचलून त्यांनी कबरीवर ठेविला आणि मुकाट्याने फातिहा म्हटली. अहमदनगरच्या किल्ल्यातही त्यांच्या आवारात एक जुनी कबर होती. कोणाची, ते ठाऊक नव्हते. रोज दृष्टीस पडणाऱ्या त्या कबरीशी, ९ एप्रिलनंतर आपले काही नाते जडल्यासारखे वाटू लागले, असे ते त्या पत्राच्या शेवटी लिहितात. दोन वर्षे त्यांस ती अनोळखी कबरच पाहावयास मिळाली. ज्या दारातून 'खुदा हाफिज' ऐकून ते निघाले होते, त्या दारात परत येऊन उभे राहिले तेव्हा विचारावयाचे पुष्कळ राहिले असेल. पण उत्तर देणारे आत कोणी नव्हते.